रडू आले, पण नेमके कुठे?

पुस्तक कसे वाटले, सिनेमा कसा होता, या प्रश्नाला आपल्याकडे जी उत्तरे मिळतात त्यांत 'रडू आले' या उत्तराला वेगळाच मान आहे. छान होते, बरे होते, वेळ चांगला गेला, ही उत्तरे पुढच्या बोलण्याला वाव ठेवतात; 'रडू आले' म्हटले की ऐकणारा गप्प होतो, कारण आलेल्या रडण्याशी वाद घालणे कुणालाच बरे वाटत नाही. हे उत्तर ज्या पुस्तकाला नव्वद वर्षे मिळत आले आहे ते म्हणजे साने गुरुजींचे 'श्यामची आई'. त्यावर निघालेल्या दोन चित्रपटांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे, तरी त्या दोघांनाही थोड्याफार फरकाने तेच उत्तर मिळाले.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसतो. पुस्तक परत करताना वाचक दोन वाक्ये बोलल्याशिवाय जात नाही. कुणी विचारो वा न विचारो, वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल काहीतरी बोलावे ही गरज माणसाला असतेच. 'श्यामची आई' परत आले की मी एकच जादा प्रश्न विचारतो: रडू आले ते नेमके कुठे? सुरुवातीला लोक गोंधळतात, कारण त्यांच्या मते ते पुस्तकभरच आलेले असते. मग पाने उलटली जातात, एखादी जागा सापडते, आणि तिथून जे बोलणे सुरू होते ते मला कितीतरी छापील परीक्षणांपेक्षा मोलाचे वाटत आले आहे. सामान्य वाचकाचे मत ढोबळ असते असे आपण म्हणतो खरे, पण त्याला दुसरा प्रश्न विचारायचे कष्ट आपण सहसा घेत नाही.

रडण्याची कसोटी भाबडी आहे असे म्हणण्यापूर्वी या पुस्तकाची प्रस्तावना वाचावी. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री गुरुजींनी या गोष्टी लिहायला घेतल्या आणि १३ तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. पुस्तक १९३५ साली निघाले. आपल्या हृदयातला सगळा जिव्हाळा आपण इथे ओतला आहे, लिहिताना आपले हृदय भरून आले होते आणि वाचकांचेही तसेच भरून आले तर पुस्तक कृतार्थ झाले असे समजावे, अशा आशयाचे ते प्रस्तावनेत सांगतात. म्हणजे डोळ्यांत पाणी आले की नाही हे माप वाचकाने मनाने काढलेले नाही, ते लेखकानेच त्याच्या हातात दिलेले आहे. लेखकाने ज्या मापाने मोजायला सांगितले त्याच मापाने वाचक मोजत असेल, तर त्याच्या अभिरुचीवर टीका करणाऱ्याने आधी लेखकाशी भांडायला हवे.

शिवाय या पुस्तकातच श्रोते बसलेले आहेत. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा एकूण बेचाळीस. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो आणि ते ऐकतात, मध्येच काही विचारतात, डोळे पुसतात, कालच्या गोष्टीबद्दल आपसांत बोलतात. मराठीत इतक्या उघडपणे आपला श्रोता सोबत घेऊन आलेली पुस्तके फार नसावीत. बरेच वाचक हा भाग भराभर ओलांडून मूळ आठवणीकडे जातात, आणि संक्षिप्त आवृत्त्यांत तर त्यालाच पहिली कात्री लागते. मला मात्र तो भाग महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकणाऱ्याने कसे ऐकावे याचा धडा तिथे न सांगता दिलेला आहे: ऐकून डोळे ओले झाले तरी बोलणे तिथे संपत नाही, दुसऱ्या दिवशी माणसे पुन्हा येऊन बसतात.

तर 'कुठे' या प्रश्नाची उत्तरे. लहान मुलांचे उत्तर बहुधा एकच असते आणि ते आईच्या मृत्यूचे नसते, मांजराचे असते. घरात मथी नावाची मांजर आहे, तिचा आईवर फार जीव, आणि आई गेल्यावर ती खाणेपिणे सोडते. चौथी-पाचवीतली मुले या मांजरापाशी हमखास थांबतात. आई मरणे हे त्या वयाला झेपत नाही, किंवा झेपू नये म्हणून मन ते बाजूला ठेवते, आणि सगळे दुःख त्या मुक्या प्राण्यावर जाऊन बसते, असे मला वाटते. एका आजोबांनी नातवाला दटावले होते, "एवढी आई गेली तिचं काही नाही, आणि मांजरासाठी रडतोस?" मला ते दटावणे पटले नाही. कुठल्याही समीक्षकाने या कादंबरीच्या शेवटाबद्दल काही लिहायचे ठरवले तर मथीला एवढ्या शेवटी का आणले असावे, या प्रश्नापासूनच त्याने सुरुवात करायला हरकत नाही.

गृहिणींची जागा वेगळी. सासुरवास सोसून आता सासू झालेल्या बायका अळणी भाजीपाशी थांबतात. भाजीत मीठ घालायचे राहून गेलेले असते, वडील एक शब्द न बोलता जेवून उठतात, त्यांचे पाहून मुलेही बोलत नाहीत, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. ही गोष्ट शाळेत संयमाचा धडा म्हणून सांगितली जाते. वाचनालयात मी ऐकलेले मत असे होते: "आमच्यात मीठ कमी पडलं तर ताट भिरकावलेलं मी बघितलंय, म्हणून रडू आलं." त्या बाईंना गोष्टीतल्या चांगुलपणाचे रडू आले नव्हते, तसा चांगुलपणा आपल्या वाट्याला आला नाही याचे आले होते. एकाच पानावर पडणाऱ्या दोन थेंबांची कारणे इतकी दूरची असू शकतात.

पुरुष मंडळी, विशेषतः जी घरातली मोठी भावंडे आहेत ती, धाकट्या भावाच्या कोटाशी अडखळतात. शिकायला बाहेर राहिलेला श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्यासाठी कोट शिवून घेतो आणि सणाला घरी घेऊन येतो. धाकट्या भावंडांच्या फीसाठी स्वतःचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेले किती लोक आपल्या आजूबाजूला आहेत हे ही रात्र वाचलेल्यांशी बोलल्यावर समजते. दिवाळीच्या रात्रीचेही तसेच आहे: भाऊबीजेला मिळालेल्या पैशांतून आई वडिलांसाठी नवे धोतर आणायला लावते. ही जागा सांगणाऱ्यांत मला नवी लग्न झालेली मुलगी अजून भेटलेली नाही, चाळीस-पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका मात्र पुष्कळ भेटल्या.

आणि मग कर्ज. माझ्या मते हे पुस्तक उत्तरार्धात आईचे जितके आहे तितकेच कर्जाचे आहे. पहिल्या रात्रींत फुले आहेत, व्रते आहेत, पोहणे आहे, गाय आहे. तिसाव्या रात्रीच्या पुढे मथळेच बदलतात. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक', 'वित्तहीनांची हेटाळणी', 'तेल आहे तर मीठ नाही', 'अब्रूचे धिंडवडे'. एके काळी ज्या घरी खोतकीचा मान होता त्या घरावर सावकाराची जप्ती येते, गावात तिची दवंडी पिटली जाते, वसुलीला आलेला माणूस दारात बसून घरातल्या बाईबद्दल नको ते बोलतो आणि एरवी सौम्य असलेली आई बाहेर येऊन त्याला सुनावते. आईचे आजारपण या सगळ्याच्या मागोमाग येते, ते काही आभाळातून पडत नाही. गुरुजींनी कार्यकारणाची ही साखळी फार स्पष्ट ठेवली आहे, तरी सर्वसाधारण आठवणीत पुस्तकाचा हा भाग जवळजवळ पुसला गेलेला आहे.

सर्वांच्याच आठवणीतून मात्र नाही. ऊसपट्ट्यातल्या आमच्या गावात सोसायटीचे कर्ज, कारखान्याचे उशिरा येणारे बिल आणि त्या दोन्हींच्या मधले महिने हे काही पुस्तकात वाचायचे विषय नाहीत. बचत गटातल्या एक ताई मुलीच्या शाळेतल्या स्पर्धेसाठी हे पुस्तक घेऊन गेल्या आणि मुलीच्या आधी स्वतःच वाचून मोकळ्या झाल्या. परत करताना त्या म्हणाल्या, "सर, वसुलीवाला दारात आला की घरातली पोरं कशी गप होत्यात, ते ह्यात बरोबर लिवलंय बगा. ते वाचून मला कसंतरीच झालं." मी त्यांना रडू आले का असे विचारले. "न्हाई, रडू न्हाई आलं. राग आला." या पुस्तकाविषयी 'राग आला' हे मत मी कुठेही छापलेले वाचलेले नाही. पण उत्तरार्धाचे याहून नेमके वाचन कोणते असेल, हे मला खरोखर सांगता येणार नाही.

आठवणीतून कर्ज गळाले कसे, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येऊ लागले. आज पदपथापासून पुस्तक प्रदर्शनापर्यंत त्याच्या पुष्कळ आवृत्त्या दिसतात. स्वस्तात मिळते ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यांतल्या अनेक 'मुलांसाठी' म्हणून काटछाट केलेल्या असतात, आणि काटछाट करणाऱ्याचा हात कर्जावर पडतो, फुलांवर पडत नाही. पाठ्यपुस्तकात एखादीच रात्र येते आणि तीही संस्काराची. २४ डिसेंबरला गुरुजींच्या जयंतीनिमित्त ज्या कथाकथनाच्या स्पर्धा होतात त्यांत पोहण्याची गोष्ट किती वेळा ऐकावी लागते हे परीक्षक म्हणून बसलेल्या कुणालाही विचारावे. विहिरीत उतरायला घाबरून लपलेला श्याम, त्याला मारत बाहेर काढणारी आई, आणि नंतर त्याच वळांवर फिरणारा तिचा हात, हे सगळे पाच मिनिटांत बसते आणि टाळ्याही मिळतात. जप्ती पाच मिनिटांत बसत नाही.

परिणाम असा, की पुस्तक पूर्ण न वाचताच त्याच्याविषयी पक्के मत असलेल्यांची संख्या फार मोठी आहे. 'रडके पुस्तक' हा शेरा मारणारे बहुतेक याच वर्गातले असतात असे माझे निरीक्षण आहे. त्यांनी पुस्तक ऐकलेले असते, वाचलेले नसते. कुणीतरी लहानपणी रडत रडत त्यांना ते वाचून दाखवलेले असते आणि त्या वाचणाऱ्याचा कंठ त्यांच्या लक्षात राहिलेला असतो. तो कंठ बाजूला ठेवून नुसता मजकूर पाहिला तर गुरुजींची वाक्ये लहान आहेत, कोकणातल्या घरातले तपशील नेमके आहेत, आणि जिथे ते उपदेशाला बसतात तिथे कंटाळा येतो हेही मान्य करायला हवे. काही रात्रींत गोष्ट संपल्यावरही बोलणे चालूच राहते. त्या ठिकाणी पान उलटणाऱ्या वाचकाला मी दोष देत नाही.

ज्यांनी पूर्ण वाचून नापसंती नोंदवली त्यांची मते मात्र कान देऊन ऐकण्यासारखी असतात. अकरावीतल्या एका मुलीने मला विचारले, की आईला स्वतःसाठी काही हवे होते असे पुस्तकात कुठे आहे का. मी तिला झोपडीची रात्र वाचायला सांगितली. माहेरच्या आश्रयाला राहण्यापेक्षा आपली स्वतःची, मग ती केवढीही असो, जागा हवी असा आग्रह आई धरते आणि त्यासाठी अंगावरचे सोने मोडायला तयार होते. मुलीने वाचले आणि आठवड्याने सांगितले, "हवं होतं ते मिळालं, पण तेही सगळ्यांसाठीच." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजच्या मुलींना आईचा हा त्याग थोर वाटण्याऐवजी घुसमटलेला वाटत असेल तर त्यात पुस्तकाचा अपमान नाही. ज्या घरांतून त्यांनी आपल्या आयांना पाहिले आहे त्या घरांविषयीचे ते मत आहे.

दुसरे मत एका महाविद्यालयीन तरुणाचे. डोक्यावरची मोळी खाली पडलेल्या वृद्ध महार बाईला ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायला सांगते, ही रात्र आपल्याकडे उदारतेचा नमुना म्हणून सांगितली जाते. तो म्हणाला, "श्यामला शाबासकी मिळाली, आंघोळ पण झाली. म्हातारीला काय वाटलं, ते कुणी विचारलं?" मत कडू होते पण बाजूला सारण्यासारखे नव्हते. याच आईच्या मुलाने, म्हणजे खुद्द गुरुजींनी, मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि ते खुले झाले, हे मी त्याला सांगितले. त्यालाही ते माहीत होते. त्याचे म्हणणे एवढेच होते, की तो मुलगा आंघोळीच्या पुढे गेला हे महत्त्वाचे, मग शाळेत नुसती मोळीच का शिकवतात. शाळांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे शाळांनी ठरवावे, पण पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो प्रश्न ऐकून घ्यायला हवा.

चित्रपटांकडे येऊ. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली 'श्यामची आई' काढला, तेव्हा गुरुजी हयात नव्हते. अत्रे म्हणजे विनोद, वादंग आणि घणाघात अशी ज्यांची ख्याती होती त्यांनी इतका हळवा विषय घ्यावा, याचे त्या काळात अनेकांना नवल वाटले असणार. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. आईची भूमिका वनमालाबाईंची होती, ज्या त्याआधी हिंदी पडद्यावर 'सिकंदर'सारख्या भव्य चित्रपटाची नायिका म्हणून गाजल्या होत्या. श्याम झाले होते माधव वझे, पुढे नाट्यसमीक्षक म्हणून ओळखले गेलेले.

आमच्या आधीच्या पिढीचे या चित्रपटाविषयीचे मत म्हणजे एक सामुदायिक आठवण आहे. तंबूत पाहिला, थिएटरात पाहिला, शाळेच्या पटांगणात पडदा लावून पाहिला, दूरदर्शनवर पाहिला, आणि प्रत्येक वेळी शेजारचे कोण रडत होते ते आठवते. पडद्यावर काय होते ते विचारले तर वनमालाबाईंचा चेहरा आणि विहीर. आणखी खोदून विचारले तर 'छडी लागे छमछम'. वसंत देसाईंच्या संगीतातले हे गाणे पुस्तकात अर्थातच नाही, पण कित्येकांच्या मनात तेच 'श्यामची आई' आहे, आणि कित्येकांना ते या चित्रपटातले आहे हेच ठाऊक नसते. लोकांच्या मतांत मूळ कृती आणि तिच्या भोवती जमलेली गाणी, प्रसंग, माणसे यांची सरमिसळ होते ती अशी. ती वेगळी काढायला बसणारा माणूस रसिकांच्या बैठकीत फारसा आवडता होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा ही सरमिसळ अगदी स्पष्ट दिसली. डहाके यांनी त्यापूर्वी 'शाळा' या मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवर चित्रपट केला होता, म्हणजे वाचकांच्या मनातल्या पुस्तकाला हात लावल्यावर काय काय ऐकावे लागते हे त्यांना नवे नव्हते. त्यांनी नवा चित्रपटही कृष्णधवल ठेवला, गुरुजींच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या आयुष्याची जोड दिली. गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर आणि आईच्या भूमिकेत गौरी देशपांडे. पाहून आलेल्यांची पहिली प्रतिक्रिया रंगांविषयी होती: आता रंगीत कॅमेरे असताना हा हट्ट कशाला? दुसरी, "पुस्तकासारखा वाटला नाही." मी इथेही माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कुठे वाटला नाही? आणि बहुतेकांनी जी तुलना केली ती पुस्तकाशी नव्हतीच, अत्र्यांच्या चित्रपटाशी होती. वनमालाबाई आई म्हणून मनात बसल्या आहेत, तिथे दुसरी बाई उभी राहिली हे खटकले होते, आणि त्या खटकण्याला 'पुस्तकासारखा नाही' हे प्रतिष्ठित नाव मिळाले होते. जे मूळ पुस्तक नुकतेच वाचून गेले होते त्यांची तक्रार निराळी होती. त्यांना आईपेक्षा वडिलांबद्दल अधिक पाहायचे होते. या चित्रपटाला पुढे २०२३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यानंतर काहींची मते थोडी मऊ झाली. पुरस्काराने मत बदलणे हे मला फारसे आवडत नाही, पण निदान त्या निमित्ताने तो पुन्हा पाहिला गेला.

मोबाइलवर सिनेमाला पाचपैकी किती तारे द्यायचे असा प्रश्न येतो तेव्हा या सगळ्याचे काय होते? मांजरासाठी रडलेला मुलगा, ताट भिरकावलेले पाहिलेली बाई, वसुलीवाल्याचा राग आलेली ताई आणि वनमालाबाईंना न विसरलेले आजोबा, हे सगळे साडेचार ताऱ्यांत विरघळतात. एवढेच पुरे, तो विषय वेगळा आहे.

परदेशी असलेल्या मुलांच्या घरी राहून परत आलेली मंडळी आणखी एक नवी तऱ्हा सांगतात. शांता गोखले यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये आला आणि मराठी वाचता न येणारी नातवंडे तो वाचू लागली. एका आजीने सांगितले, की तिचा नातू सगळे पुस्तक शांतपणे वाचत गेला आणि एकाच ठिकाणी अडला: श्याम आईला शेवटचे भेटू शकला नाही, घरी पोहोचला तेव्हा उरली होती ती राख. त्याला वाटले वाहतुकीच्या सोयी नसल्यामुळे असे झाले. आजीने त्याला कारण समजावून सांगितले नाही. "त्याचा बाप माझ्या यजमानांच्या वेळी असाच उशिरा पोचला होता, विमान असून," असे ती मला म्हणाली. तिने त्या पोराच्या मताला चूक का म्हटले नाही हे तेव्हा कळले.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयात आम्ही उत्तरार्धाच्या रात्रींचे जाहीर वाचन ठेवले होते. पतसंस्थेतून निवृत्त झालेले एक वसुली अधिकारी येऊन बसले आणि बचत गटाच्या त्या ताईही आल्या. वाचन संपल्यावर अधिकारी काकांनी सरळ सांगून टाकले, की चूक सावकाराची नाही, भाऊंची, म्हणजे श्यामच्या वडिलांची आहे. मानमरातब सांभाळण्याच्या नादात कर्ज वेळेत फेडले नाही, जमीन विकायची वेळ होती तेव्हा विकली नाही, आणि भोगले बायकोने. ताई म्हणाल्या, "जमीन इकायची येळ कुणाला कवा कळत्या, काका? तुमी यायचा तवाच कळायची." बैठकीत हशा पिकला, काकाही हसले, पण मत सोडले नाही. ताईंनीही सोडले नाही. श्यामची आई हा विषय घेऊन तासभर बोलणे झाले आणि त्यात आईचे नाव फारसे निघाले नाही, डोळेही कुणाचे ओले झाले नाहीत. जाताना काकांनी संपूर्ण आवृत्ती आपल्या नावावर घातली. मुद्दल किती होते, व्याज किती चढले आणि मधल्या काळात भाऊंच्या हाती काय काय होते, याचा हिशेब पुस्तकातून निघतो का ते त्यांना पानोपानी तपासायचे होते.